आधी अणुअंक, मग बाकीचं: अणुरचना आणि किरणोत्सारितेची गणितं क्रमाने कशी सोडवायची

पोटॅशिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन): २, ८, ९. बीटा किरण कुठून निघतात: सर्वांत बाहेरच्या कवचातून. अर्धायुष्य (मूळ पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ) ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत पदार्थ संपला. वह्या तपासताना ही तीन चुकीची उत्तरं मला दरवर्षी भेटतात. लिहिणारी पोरं ढ नसतात, पाठांतरही बरं असतं. त्यांचा क्रम चुकलेला असतो.

अणूत दोन वेगळी घरं आहेत. मधलं केंद्रक आणि त्याभोवतीची कवचं. मीठ तयार होणं, लोखंड गंजणं, फटाका उडणं हे सगळं कवचांमध्ये चालतं, केंद्रकाला त्याची खबरही नसते. किरणोत्सारिता (अस्थिर केंद्रकातून आपोआप किरण निघणं) मात्र केंद्रकातली घडामोड आहे. प्रश्न वाचल्यावर ‘हे कोणत्या घरात चाललंय?’ हे न विचारता जो आकडेमोडीला बसतो, तो फसतो.

या लेखात शेवटपर्यंत एकच मूलद्रव्य हाताशी धरलं आहे: पोटॅशिअम. रावेर, यावल, चोपडा भागातल्या मुलांना ते वेगळं दाखवावं लागत नाही. केळीच्या बागेला घरचे जे पोटॅश सोडतात ते त्याचंच, आणि शेवटी घडात उतरतं तेही तेच. शिवाय संरूपण, आयन, समस्थानिकं, बीटा क्षय या चारही ठिकाणी मुलं ज्या चुका करतात, त्या सगळ्या या एका मूलद्रव्यावर करून दाखवता येतात.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

एक कोरी वही, पेन्सिल, कंपास, आणि एक रुपयाची ६४ नाणी. नाणी नसतील तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे चौकोनी तुकडे कापा आणि एका बाजूला रंग लावा. चिंचोके फोडून घेऊ नका. फोडलेला चिंचोका सपाट बाजूवर आणि फुगीर बाजूवर सारख्याच वेळा पडेल याची खात्री नसते. सोंगट्यांच्या खेळात ते चालतं, अर्धायुष्याच्या प्रयोगात चालत नाही.

पाठ काय हवं? पहिल्या २० मूलद्रव्यांची नावं, क्रमाने. हायड्रोजन १, हेलिअम २, असं करत पोटॅशिअम १९, कॅल्शिअम २०. एवढंच. वस्तुमानांक पाठ करू नका, प्रश्नात तो दिलेला असतो. पाठ केलात तर घोटाळा होतो, कारण एकाच मूलद्रव्याचे वस्तुमानांक अनेक असतात.

वहीच्या पहिल्या पानावर सहा रकाने आखा, याच क्रमाने: नाव, अणुअंक, वस्तुमानांक, प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. भरायचं डावीकडून उजवीकडे. इलेक्ट्रॉनचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण अणूचा आयन झाला, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन गमावला किंवा घेतला, की फक्त तोच आकडा बदलतो.

## टप्पा १: कण मोजणे

अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या. मूलद्रव्याची ओळख तीच. १९ प्रोटॉन असतील तर पोटॅशिअम, २० झाले की कॅल्शिअम, मग बाकी काहीही असो. वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. म्हणून न्यूट्रॉन काढायला वस्तुमानांकातून अणुअंक वजा करायचा.

पोटॅशिअम-३९: प्रोटॉन १९, न्यूट्रॉन २०, इलेक्ट्रॉन १९.
पोटॅशिअम-४०: प्रोटॉन १९, न्यूट्रॉन २१, इलेक्ट्रॉन १९.
पोटॅशिअम-४१: प्रोटॉन १९, न्यूट्रॉन २२, इलेक्ट्रॉन १९.

ही तिन्ही निसर्गात सापडतात. ३९ वालं सर्वांत जास्त, ९३ टक्क्यांच्या वर. ४० वालं फारच थोडं, दर १०,००० अणूंमागे जेमतेम १. पण पुढची सगळी गंमत त्या एकातच आहे.

आता आयन. पोटॅशिअमचा धन आयन विचारला की कितीतरी मुलं प्रोटॉन २० करून मोकळी होतात. धन म्हणजे अधिक, म्हणून एक अधिक केला! पण प्रोटॉनला हात लावलात की ते पोटॅशिअम राहिलंच नाही. एक इलेक्ट्रॉन गेला म्हणून धनप्रभार उरला, इतकंच. प्रोटॉन १९, इलेक्ट्रॉन १८.

सावध: वजनी आकडा आणि वस्तुमानांक एक नाहीत. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ दिलेलं असतं. त्यातून १७ वजा करून ‘१८.५ न्यूट्रॉन’ असं उत्तर लिहिलेलं मी पाहिलंय. अर्धा न्यूट्रॉन कुठे ठेवणार? निसर्गात क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ साधारण ३ ला १ या प्रमाणात असतात. (३५ × ३ + ३७ × १) ÷ ४ = ३५.५. ही सरासरी आहे, एका अणूचा आकडा नव्हे. वस्तुमानांक नेहमी पूर्णांकच.

तपासा: पोटॅशिअमचा धन आयन, अरगॉनचा अणू आणि क्लोरीनचा ऋण आयन, तिघांत इलेक्ट्रॉन १८ च. तरी तिघं वेगळे का? ‘प्रोटॉन वेगळे म्हणून’ हे उत्तर चटकन आलं तर पुढे जा.

## टप्पा २: कवचं भरणे

कवचाची क्षमता काढायचं सूत्र आहे: दोन गुणिले कवच क्रमांकाचा वर्ग. त्यातून २, ८, १८, ३२ मिळतात. २, ८, ९ ची चूक इथूनच जन्माला येते. तिसऱ्या कवचात १८ मावतात, मग उरलेले ९ तिथेच का नकोत?

कारण नियम दोन आहेत आणि दुसरा मुलं विसरतात: सर्वांत बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन बसत नाहीत. तिसरं कवच बाहेरचं असेपर्यंत त्यात ८ च. नववा आला की चौथं कवच उघडतं. म्हणून पोटॅशिअम २, ८, ८, १ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २. पोटॅशिअमची संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) १ येते ती त्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे. (२१ पासून पुढे भरण्याची रीत बदलते. शाळेत तिथे जायची गरज नाही.)

आकृती काढताना आधी केंद्रकात ‘१९ प्रो, २१ न्यू’ असं लिहा, मगच वर्तुळं काढा. आकृती मापात नसते हेही लक्षात असू द्या. अणू त्याच्या केंद्रकाच्या साधारण १०,००० ते १,००,००० पट मोठा असतो. शिवाराच्या मधोमध एक सेंटिमीटरचं बोर ठेवलं आणि ते केंद्रक मानलं, तर मोठ्या आकड्याने धरता अणूचा व्यास एक किलोमीटर भरेल. मधे सगळं रिकामं. इलेक्ट्रॉन तिथे रेल्वेच्या डब्यासारखे रुळावर फिरत नाहीत, वर्तुळं आपल्या हिशेबाच्या सोयीसाठी आहेत.

तपासा: सगळ्या कवचांतल्या इलेक्ट्रॉनची बेरीज अणुअंकाएवढी येते का? २ + ८ + ८ + १ = १९. आली.

## टप्पा ३: समस्थानिकं आणि समभारिकं

हा टप्पा पाच मिनिटांचा. अणुअंक सारखा, वस्तुमानांक वेगळा: समस्थानिकं. पोटॅशिअमची ३९, ४० आणि ४१. वस्तुमानांक सारखा, अणुअंक वेगळा: समभारिकं. अरगॉन-४०, पोटॅशिअम-४०, कॅल्शिअम-४०. हे दुसरं त्रिकूट पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

## टप्पा ४: क्षयाची समीकरणं

इथे सावकाश चला. मार्क याच ठिकाणी सांडतात.

केंद्रक अस्थिर असलं की ते आपोआप काहीतरी बाहेर टाकतं, यालाच क्षय म्हणतात. प्रत्येक कणापुढे दोन आकडे लिहायचे, वर वस्तुमानांक, खाली अणुअंक. बाणाच्या दोन्ही बाजूंना वरची बेरीज सारखी, खालची बेरीज सारखी. बस्स, इतकाच कायदा.

अल्फा कण म्हणजे हेलिअमचं केंद्रक: वर ४, खाली २. तो निघाला की मूळ अणूचा वस्तुमानांक ४ ने आणि अणुअंक २ ने उतरतो.

युरेनिअम (२३८, ९२) → थोरिअम (२३४, ९०) + अल्फा (४, २)

बीटा कण म्हणजे इलेक्ट्रॉन: वर ०, खाली उणे १. वरचा आकडा हलत नाही. खाली उणे १ गेलं म्हणून उरलेल्याचा अणुअंक एकने वाढतो. इलेक्ट्रॉन बाहेर पडला म्हणजे काहीतरी कमी झालं असणार, असं वाटतं आणि मुलं ९० चे ८९ करतात.

थोरिअम (२३४, ९०) → प्रोटॅक्टिनिअम (२३४, ९१) + बीटा (०, उणे १)

९१ अधिक उणे १ बरोबर ९०. जमलं.

गॅमा म्हणजे फक्त ऊर्जा. वर शून्य, खाली शून्य. मूलद्रव्य बदलत नाही.

बीटाचा इलेक्ट्रॉन कुठून येतो, यावर एका वर्षी शेवटच्या बाकावरून प्रश्न आला होता: ‘‘सर, इलेक्ट्रॉन ते बाहेर ऱ्हास ना, मंग मझारतून कसा निंघना?’’ (मझारतून म्हणजे आतून.) नेमका प्रश्न. तो मुलगा पाठ करत नव्हता, विचार करत होता. उत्तर असं, की इलेक्ट्रॉन केंद्रकात बसलेला नसतोच. केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो आणि त्या बदलात इलेक्ट्रॉन तयार होऊन बाहेर फेकला जातो (सोबत प्रतिन्यूट्रिनो नावाचा एक प्रभारहीन कणही). गारगोटीतून ठिणगी उडते, पण ती आधीपासून गारगोटीत ठेवलेली नसते. प्रभाराचा हिशेबही बघा: आधी न्यूट्रॉनचा शून्य, नंतर अधिक १ आणि उणे १, बेरीज शून्यच. कवचांमधल्या इलेक्ट्रॉननी यात काही केलेलं नाही.

आता आपलं पोटॅशिअम:

पोटॅशिअम (४०, १९) → कॅल्शिअम (४०, २०) + बीटा (०, उणे १)

कोपऱ्यातलं त्रिकूट आठवलं? वरचा ४० तसाच, खालचा एकने वर. पोटॅशिअम-४० च्या १०० अणूंपैकी सुमारे ८९ या वाटेने जातात. उरलेले ११ उलट वाटेने: केंद्रक स्वतःच्या आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो आणि अरगॉन-४० उरतो. दोन घरांच्या माझ्या नियमाला हा अपवाद आहे. परीक्षेत सहसा विचारत नाहीत, पण लेखाच्या शेवटी लागेल.

अल्फा किती, बीटा किती? युरेनिअम-२३८ पासून शिसं-२०६ (अणुअंक ८२) होईपर्यंत किती कण निघतात, हा नेहमीचा प्रश्न. क्रम सोडायचा नाही:

1. आधी फक्त वरचे आकडे. २३८ − २०६ = ३२. वरचा आकडा बदलतो तो केवळ अल्फामुळे. ३२ ÷ ४ = ८ अल्फा.
2. ८ अल्फांनी अणुअंक किती उतरला? १६. ९२ − १६ = ७६.
3. पण हवेत ८२. कमी पडलेले ६ बीटांनी भरून काढले. ६ बीटा.

सावध: अणुअंकाच्या फरकापासून सुरुवात केलीत (९२ − ८२ = १०, म्हणून ५ अल्फा) की खेळ खलास. खालच्या आकड्यात अल्फा आणि बीटा दोघांचे हात असतात, वरच्यात एकट्या अल्फाचा. म्हणून वरून सुरुवात.

## टप्पा ५: अर्धायुष्य हाताने करून पाहणे

६४ नाणी ओंजळीत खुळखुळवून चटईवर टाका. छापा पडलेली ‘क्षय पावली’ समजून बाजूला, पण फेकू नका, वेगळा ढीग करा. उरलेली मोजा, लिहा, पुन्हा टाका.

कागदावर ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असं उतरायला हवं. तुमच्या चटईवर ३२ च्या जागी कधी २९ येतील, कधी ३५. घाबरून आकडे ‘दुरुस्त’ करू नका. पाच वेळा करा आणि प्रत्येक फेरीच्या बेरजा घ्या, आकडे निम्म्याच्या जवळ सरकताना दिसतील. कोणतं नाणं कधी पडेल हे कोणी सांगू शकत नाही, पण ढिगाचा निम्मा किती वेळात होईल हे सांगता येतं. अणूंचंही तसंच. एका ग्रॅमात ते इतके असतात की तिथे निम्मा म्हणजे अगदी निम्माच.

दोन गोष्टी नजरेत भरवून घ्या. एक, दुसऱ्या फेरीनंतर नाणी संपली नाहीत, पाव उरली. दोन, बाजूचा ढीग हवेत विरला नाही. पोटॅशिअम कमी झालं तेवढं कॅल्शिअम आणि अरगॉन तयार झालं. ‘१०० ग्रॅम किरणोत्सारी पदार्थाचं एका अर्धायुष्यानंतर वजन ५० ग्रॅम होईल’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे. मूळ पदार्थ ५० ग्रॅम उरेल, डबीचं वजन फारसं हलणार नाही.

गणिताचा क्रम: आधी वेळेला अर्धायुष्याने भागा, फेऱ्या किती ते काढा. मग तितक्या वेळा निम्मे करा. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. ८० मिलिग्रॅम घेतलं, २४ दिवस झाले. २४ ÷ ८ = ३ फेऱ्या. ८०, ४०, २०, १०. उरलं १० मिलिग्रॅम.

सावध: ८० ला ३ ने भागू नका. आणि प्रश्नातला शेवटचा शब्द वाचा. ‘उरलं’ विचारलंय की ‘क्षय पावलं’? इथे क्षय पावलं ७० मिलिग्रॅम.

अर्धायुष्याचा पल्ला केवढा असतो पाहा. रेडॉन-२२२ चं ३.८ दिवस, कार्बन-१४ चं ५७३० वर्षं, रेडिअम-२२६ चं सुमारे १६०० वर्षं, पोटॅशिअम-४० चं १२५ कोटी वर्षं, युरेनिअम-२३८ चं जवळपास ४५० कोटी. तापवा, थंड करा, आम्लात टाका, यात फरक पडत नाही, कारण हे सगळे उपाय कवचांपर्यंत पोहोचतात. केळ्यांचे वेफर्स तळले तर पोटॅशिअम-४० नाहीसं होईल का? नाही. पाणी उडून जातं म्हणून उलट ग्रॅममागे ते जास्तच भरतं.

## टप्पा ६: किरण आणि त्यांच्याबद्दलच्या भीती

अल्फा कागदाने अडतो, बीटा काही मिलिमीटर ॲल्युमिनिअमने, गॅमाला शिशाचा किंवा काँक्रीटचा जाड थर लागतो. विद्युतक्षेत्रात अल्फा ऋण पाटीकडे, बीटा धन पाटीकडे वळतो, गॅमा सरळ जातो. आकृतीत बीटाचा बाक जास्त काढा, तो फार हलका आहे. अल्फा कागदाने अडतो म्हणून निरुपद्रवी, असं लिहू नका. श्वासातून किंवा अन्नातून पोटात गेला तर अडवायला तिथे कागद नसतो.

आता केळ्याचं काय? एक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशिअममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ क्षय होतात. मध्यम केळ्यात साधारण ०.४ ग्रॅम पोटॅशिअम, म्हणजे सेकंदाला १२-१३. ऐकून कोणी केळं खाली ठेवलं तर त्याला सांगा की मोठ्या माणसाच्या शरीरात हाच आकडा ४,००० च्या वर असतो. शरीर पोटॅशिअमची पातळी धरून ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं, त्यामुळे केळी खाऊन ते साचत जात नाही.

दुसरी भीती कांद्याची. लासलगावला २००२ पासून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडून त्याला कोंब फुटणं रोखण्याची सोय आहे. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. उन्हात ठेवलेला कांदा घरात आणल्यावर ऊन देत बसतो का? किरण अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला चिकटणं किंवा पोटात जाणं वेगळं.

एक शब्दाचा घोळही इथेच निस्तरा. अणुऊर्जा म्हटलं की आपल्याकडची मुलं भुसावळजवळच्या दीपनगरकडे बोट दाखवतात. तिथे कोळसा जळतो. अणुभट्टी पाहायची तर तापीच्या पाण्यामागे खाली जावं लागेल, प्रकाशा, उकाई ओलांडून गुजरातेत काकरापारला. तिथे जे चालतं ते विखंडन: न्यूट्रॉनच्या धडकेने युरेनिअम-२३५ चं केंद्रक दोन मोठ्या तुकड्यांत फुटतं. वरच्या टप्प्यांत आपण पाहिला तो आपोआप होणारा क्षय. प्रश्नात बाणाच्या डावीकडे न्यूट्रॉन दिसला आणि उजवीकडे दोन मध्यम आकाराची केंद्रकं, तर विखंडन समजा.

## सरावाला तीन प्रश्न

उत्तरं झाकून सोडवा.

१. थोरिअम-२३२ (अणुअंक ९०) पासून शिसं-२०८ (८२). अल्फा किती, बीटा किती?
वरचा फरक २४, म्हणून ६ अल्फा. ९० − १२ = ७८. ८२ ला ४ कमी, म्हणून ४ बीटा.

२. आयोडीन-१३१, १६० मिलिग्रॅम, ४० दिवस. क्षय किती पावलं?
५ फेऱ्या: ८०, ४०, २०, १०, ५. उरलं ५, क्षय पावलं १५५ मिलिग्रॅम.

३. धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरातला काळा दगड म्हणजे दख्खनचा बसाल्ट. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला. अशा दगडात अडकलेला अरगॉन मोजून त्याचं वय काढतात. तेव्हापासून त्यातलं किती टक्के पोटॅशिअम-४० क्षय पावलं?
आधी फेऱ्या: ६.६ ÷ १२५, म्हणजे एका फेरीचा साधारण एकोणिसावा भाग. एका फेरीत ५० टक्के जातात, म्हणून ५० ÷ १९ करून २.६ टक्के लिहाल तर चुकाल. फेरीच्या सुरुवातीला अणू जास्त असतात, म्हणून क्षयही तेव्हा जास्त. बरोबर आकडा सुमारे ३.६ टक्के. त्यातलेही बहुतेक कॅल्शिअम झाले, अरगॉन झाला फक्त शंभरातल्या अकराच्या हिशेबाने.